सलूनवाल्याची जीभ

दातवाल्या डॉक्टरांनी रेडिओची जीभ कापली, अशी कुजबूज आमच्या रस्त्यावर एका सकाळी सुरू झाली आणि दुपारच्या जेवणाआधी तिला हातपाय फुटले. कोणी म्हणे, त्यांच्या मंडळात शिरायचं तर जिभेचा शेंडा द्यावाच लागतो. कोणी म्हणे, शेंडा कसला, मुळापासून काढली. बाटलीत ठेवलीय, औषधाच्या दुकानातल्या बाईंनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. बाईंना विचारावं तर त्या डोळे मिटून नुसती मान हलवत. ती हो म्हणून हलली की नाही म्हणून, ते ज्याचं त्याने ठरवायचं. प्रत्यक्षात लोकांनी पाहिलं होतं ते इतकंच: रेडिओ दवाखान्याचा जिना उतरत होता, तोंडावर रुमाल होता, रुमालावर रक्त होतं, आणि कोणी हाक मारली तर तो बोलत नव्हता, हातानेच ‘जाऊ द्या’ म्हणत होता.

आता, अफवांशी माझं वैर नाही. या वयात दुसरी करमणूक कोणती? शेजारी भांडण झालं की मला जेवण जास्त जातं, हे आमची ही येईल त्याला सांगत असते. पण ही अफवा ऐकली आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती खोटी होती म्हणून नव्हे. खोट्याला मी कधी नाक मुरडलेलं नाही. राग आला तो एवढ्यासाठी की ज्या माणसाने इतका काळ खपून स्वतःची जीभ स्वतः ताब्यात आणली, त्याच्या कष्टाचं श्रेय लोकांनी एका दातवाल्याच्या कात्रीला देऊन टाकलं.

रेडिओ म्हणजे आमचा सलूनवाला. दुकान लहान, खुर्च्या दोन. त्यातली एक मागे कलली की परत सरळ होत नाही, म्हणून ती वाट पाहणाऱ्यांसाठी. समोर भिंतभर आरसा. सकाळी शटर वर गेलं की हा सुरू व्हायचा आणि शटर खाली येईपर्यंत बंद व्हायचा नाही, म्हणून रेडिओ. त्याच्या तोंडात तीळ भिजत नसे. कोणाचं घर कोणाच्या नावावर, कोणाचं कुठे जुळतंय, कोणाचे केस रंगवलेले आणि कोणाचे मुळात नाहीतच, हे सगळं फेस लावता लावता समजायचं. मी दिवसाआड दाढीला जायचो. दाढी काय, घरीही होते.

त्याची एक लकब होती. तो तुमच्याशी कधी बोलत नसे, आरशातल्या तुमच्याशी बोलायचा. हात तुमच्या मानेवर, डोळे आरशात. तुम्हीही उत्तर आरशालाच द्यायचं. त्यामुळे कितीही खाजगी गोष्ट असो, ती आपण बोलतच नाही, समोरची दोन चित्रं बोलतायत असं वाटायचं, आणि भीड चेपायची.

त्याला मुलगी एकच. शाळेत शिकवते, म्हणून सगळे तिला मास्तरीण म्हणतात. एका संध्याकाळी तिने बापाला विश्वासाने एक गोष्ट सांगितली. कोणती, ते मी इथे लिहिणार नाही. मान पुढे काढू नका. एकदा सांडली तेवढी पुरे. गोष्ट तिच्या तब्येतीची होती, गुन्ह्याची नव्हती, एवढं कळलं म्हणजे झालं. रेडिओला त्या रात्री झोप लागली नाही, आणि सकाळी पहिल्याच गिऱ्हाइकाच्या गळ्याला कापड बांधता बांधता तो आरशाला म्हणाला, “मुलीची फार काळजी वाटते हो.”

“का? काय झालं?”

संपलं. काळजीपोटीच सांगितलं त्याने. पण दुधात विष काळजीने पडलं काय आणि वैराने पडलं काय, पिणारा मरतोच. गिऱ्हाईक निघालं मुख्याध्यापकांचा मेहुणा. थोड्याच दिवसांत मास्तरणीचा वर्ग काढून घेतला आणि तिला शाळेच्या ग्रंथालयात पुस्तकांना कव्हरं घालायला बसवलं. “तुमच्या भल्यासाठीच,” असं वर म्हणाले. दुसऱ्याच्या भल्यासाठी म्हणून जे जे केलं जातं, त्याला एकदा भर चौकात फटके मारायला हवेत.

ती आरडली नाही, रडली नाही. बापाशी बोलणं तेवढं बंद केलं. “आई, त्यांना सांग, ताट वाढलंय.” “आई, त्यांना विचार, छत्री कुठे ठेवली.” तो हातभर अंतरावर बसलेला! एकदा वहिनी, म्हणजे रेडिओची बायको, वैतागून म्हणाल्या, “मी काय तुमच्या दोघांच्या मधली भिंत आहे का गं?”

मास्तरीण म्हणाली, “भिंत असतीस तर बरं होतं. भिंतीला नुसते कान असतात. तोंड नसतं.”

रेडिओने घास तसाच ताटात ठेवला. त्या रविवारी तो वरचा जिना चढला.

दातवाल्या डॉक्टरांचा दवाखाना सलूनच्या बरोबर वर. रविवारी दवाखाना बंद आणि ‘अंतर्मुख मंडळ’ सुरू. आठवडाभर लोकांना ‘आ’ करायला लावणारा माणूस त्या दिवशी लोकांना तोंड मिटायला शिकवायचा. भिंतीवर दाढांचं मोठं रंगीत चित्र, त्याच्याखाली सतरंजी, हवेत लवंगेच्या तेलाचा वास, आणि औजारांच्या तबकात मांडलेली गूढ चिन्हं. या मंडळात पायऱ्या होत्या. प्रत्येक पायरीला एक चिन्ह मिळायचं. ते घरी न्यायचं आणि ‘आत उगवेपर्यंत’ त्याच्यासमोर बसायचं. शेवटच्या पायरीचं नाव उंबरठा. तो ओलांडला की दीक्षा झाली, माणूस नवा झाला. औषधवाल्या बाई नव्या झालेल्या होत्या, निवृत्त पोस्टमास्तर नवे झालेले होते. मला दोघेही जुनेच वाटायचे, पण माझी दृष्टी अधू.

“मला गप्प व्हायचंय,” रेडिओ डॉक्टरांना म्हणाला. “दीक्षा झाली की मुलीसमोर उभा राहीन. सांगेन तिला, तो बडबडा बाप गेला, हा दुसरा आहे.”

डॉक्टरांनी पहिलं चिन्ह दिलं: किल्ली नसलेलं कुलूप. बाकीचे ते कपाटात ठेवत आणि रविवारी पुसून परत आणत. रेडिओने ते दुकानात, वस्तऱ्याच्या पट्ट्याशेजारच्या खिळ्याला, नजरेसमोर टांगलं.

“काय रे, दुकान बंद करतोयस की काय?” मी विचारलं.

“दुकान नाही, काका. तोंड.”

तोंड कसलं बंद होतंय! सकाळचा पहिला तास तो ओठ आवळून काढायचा, गाल फुगायचे, कान लाल व्हायचे, आणि मग धरण फुटावं तसा सुटायचा. पण आता सुटल्यावर मध्येच नजर कुलपाकडे जायची आणि वाक्य तुटायचं. एकदा तो कोपऱ्यावरच्या शिंपिणीबद्दल सांगत होता. “ती माहेरी गेली नाहीच मुळी, ती तर तिकडे...” आणि थांबला.

“तिकडे कुठे?” मी खुर्चीत अर्धा उठलो.

“काही नाही, काका.”

“काही नाही कसं? तिकडे म्हणजे कुठे?”

“बसा. लागेल.”

लागेल म्हणे! अर्धी दाढी तशी ठेवून गेला असता तरी मी क्षमा केली असती. अर्धी बातमी ठेवून गेला. शिंपीण कुठे गेली होती ते मला आजतागायत कळलेलं नाही.

दुसरं चिन्ह होतं झाकलेला आरसा. डॉक्टरांनी कापडात गुंडाळलेला एक हातातला आरसा दिला आणि म्हणाले, स्वतःकडे बघणं थांबव, मग दिसायला लागेल. दुसऱ्या दिवशी मी दुकानात शिरलो तर समोरची भिंत पांढरी! या शहाण्याने गिऱ्हाइकांच्या अंगावर टाकायची कापडं एकाला एक शिवली आणि भिंतभर आरसा वरपासून खालपर्यंत झाकून टाकला. सलूनमधला आरसा! हलवायाने साखर बंद करावी तसा प्रकार. अशी चूक करायला माणूस सलूनवालाच असावा लागतो.

“अरे, डॉक्टरांनी हातातला आरसा दिला होता ना? हा भिंतीवरचा का झाकलास?”

“हातातल्या आरशात मी कधी बघतच नाही, काका,” तो म्हणाला. “माझं जे काय वाटोळं झालं ते या आरशासमोर झालं.”

मी कललेल्या खुर्चीत जाऊन बसलो आणि वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं.

गिऱ्हाइकांनी दंगा केला. पोस्टमास्तर स्वतःची मान मागून चाचपत ओरडले, “मागून कसं झालंय ते मी बघू कुठे?”

“चांगलं झालंय.”

“तू म्हणणारच! कापणारा तूच!”

मग कललेल्या खुर्चीत बसलेल्या मला साक्ष द्यावी लागायची. माझी पाळी आली की पोस्टमास्तर साक्ष द्यायचे. “मिश्या दोन्हीकडे सारख्या आहेत का हो?” मी विचारायचो. “आता आहेत. इतकी वर्षं नव्हत्या, भिडेपोटी बोललो नाही,” ते म्हणायचे. काही जणांनी दुकान बदललं. वहिनी माझ्याकडे आल्या, “तुम्ही तरी समजवा हो त्यांना, हे काय खूळ!” मी समजावलं. भिंतीला समजवावं तसं समजावलं.

पण एक गोष्ट घडत होती, आणि ती मला आवडत नसली तरी दिसत होती. त्याला बोलायला कोणी उरलं नव्हतं. तोंड उघडायचा, समोर पाहायचा, पांढरं कापड. आरशातलं गिऱ्हाईक गेलं होतं. उरलं होतं ते खुर्चीतलं, आणि त्याच्याकडे बघायचं तर पुढे येऊन, वाकून, खरं तोंड बघावं लागायचं. खऱ्या तोंडाकडे इतक्या जवळून पाहत चहाड्या सांगता येत नाहीत. करून बघा. त्याचे हात सावकाश झाले. डोळ्यांखालची कातडी बोटाने ताणताना तो आता असा ताणायचा, जणू खाली कोणीतरी झोपलंय.

तिसरं चिन्ह, रिकामा पेला. दवाखान्यात चूळ भरायला देतात तोच. ऐकायचं, पण साठवायचं नाही, असा त्याचा अर्थ. आणि गंमत बघा, रेडिओ ऐकायला लागला तसे लोक सांगायला लागले. एका सकाळी पोस्टमास्तरांच्या तोंडावर गरम टॉवेल होता आणि टॉवेलाखाली ते काहीतरी पुटपुटत होते. मग त्यांचे खांदे हलायला लागले. रेडिओने टॉवेल काढला नाही. तो गार झाला तसा वर दुसरा गरम ठेवला, आणि खांदे थांबेपर्यंत शेजारी उभा राहिला.

पुढच्या खेपेला खुर्चीत बसल्या बसल्या मी विचारलं, “काय झालं होतं रे त्याला?”

“कोणाला?”

“नाटकं करू नकोस! पोस्टमास्तरला!”

“काका, मान खाली.”

मी मान खाली घातली. आणि मला कळून चुकलं, हा माणूस माझ्या हातून गेला. रागाने मी त्या दिवशी त्याच्याशी बोललोच नाही, आणि मेल्याला ते समजलंसुद्धा नाही.

वस्तरा पुसता पुसता तोच म्हणाला, “आधी मला वाटायचं, गप्प बसायचं म्हणजे आत काहीतरी दाबून धरायचं. आता दाबावं लागत नाही. शब्द येतो, दाराशी उभा राहतो, काम नाही म्हटलं की परत जातो.”

मग डॉक्टरांनी सांगितलं, उंबरठ्याची वेळ झाली, साक्षीदार घेऊन ये. रेडिओ माझ्याकडे आला.

“मला नेतोस? एवढी भली माणसं सोडून?”

“तुमच्यासमोर गप्प राहता आलं तर कुठेही राहता येईल, काका.”

आता याच्यावर रागवावं की छाती फुगवावी? मी दोन्ही केलं आणि गेलो.

दुपारची वेळ. पडदे ओढलेले, तबकात दिवा, फरशीवर खडूची एक रेघ. तोच उंबरठा. सगळे पांढऱ्या कपड्यांत सतरंजीवर. रेडिओच्या डोळ्यांवर पट्टी बांधली, हातात काठोकाठ भरलेला पेला दिला आणि रेघेशी उभं केलं.

“काय घेऊन आलास?” डॉक्टरांनी खर्जात विचारलं.

“भरलेला पेला.”

“त्यात काय आहे ते मंडळासमोर सांग. पोटातलं सर्वांत जड ते उच्चार, पेला ओत, आणि रिकामा होऊन ये.”

माझ्या डोक्यात तेव्हा लख्ख उजेड पडला. म्हणजे इथल्या प्रत्येकाने या रेघेवर उभं राहून पोटातलं ओतलं होतं! औषधवाल्या बाईंना गोळ्या बांधता बांधता सगळ्यांच्या घरातलं कसं कळतं, हे कोडं मी किती वर्षं सोडवत होतो. सलूनमध्ये निदान बदल्यात दाढी व्हायची.

रेडिओ गप्प.

“सांग. मोकळा हो,” डॉक्टर म्हणाले.

गप्प.

“मुलीचंच ना ते?” औषधवाल्या बाई मधासारख्या आवाजात म्हणाल्या. “तेच सांगा. मूळ काय झालं होतं, पहिल्यापासून सांगा. इथून बाहेर जायचं नाही.”

आणि सतरंजीवर सळसळ झाली. सगळे जण बसल्या जागी वीतभर पुढे सरकले. ती हालचाल मी ओळखतो. जन्मभर मीही तशीच केली आहे. पण मी ती एका कप चहासाठी करतो, मोक्षाचं नाव पुढे करून नाही! माझं रक्त उकळायला लागलं.

“ते माझं नाही,” रेडिओ म्हणाला.

“काय?”

“पेल्यात आहे ते माझं नाही. दुसऱ्याचं मी कसं ओतू?”

“नाही ओतलंस तर हा उंबरठा तुला ओलांडता येणार नाही. दीक्षा नाही. समजतंय ना?”

त्याचा चेहरा उतरला. पट्टी असूनही मला ते दिसलं. याच दीक्षेच्या भरवशावर तर तो मुलीसमोर उभा राहणार होता. पेल्यातलं पाणी हललं, काठाला लागलं, पण सांडलं नाही.

“बरं,” तो म्हणाला. त्याने चाचपडत पेला तबकात ठेवला, पट्टी सोडली, दुकानातलं कापड झटकतो तशी झटकली, घडी घालून डॉक्टरांच्या हातात दिली आणि जिना उतरून गेला.

“साधक अपात्र ठरला,” डॉक्टर म्हणाले.

मग मात्र मी उठलो. “डॉक्टर, इतके दिवस त्याला गप्प राहायला शिकवलंत, आणि आज गप्प राहिला म्हणून नापास करता? कुलूप दिलंत, आरसा दिलात, ते कशाला? दवाखान्याची अडगळ होती म्हणून? आणि तुम्ही हो, बाई! बाहेर जाणार नाही म्हणे! तुमच्या दुकानातून खोकल्याचं औषध उशिरा बाहेर येतं, बातमी आधी येते!”

“शांत व्हा,” डॉक्टर म्हणाले. “क्रोध हेसुद्धा एक चिन्हच आहे.”

“मग घरी न्या आणि बसा त्याच्यासमोर!”

तडक वहिनींकडे गेलो. स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून सगळं अथपासून इतिपर्यंत सांगितलं, आणि जरा चढ्या आवाजातच सांगितलं, कारण आतल्या खोलीत मास्तरीण शाळेच्या पुस्तकांना कव्हरं घालत होती. ‘ते माझं नाही’ या वाक्याला कागदाची करकर थांबली. मी वाट पाहिली. कागदाची करकर पुन्हा सुरू झाली. इतकंच! एक हुंकार नाही. असा ताठा मी कोणाचा पाहिला नाही.

“बापावर गेलीय,” वहिनी हळूच म्हणाल्या. “काहीही अर्धवट करत नाही.”

रेडिओने कुलूप, हातातला आरसा आणि पेला कागदात बांधून वर पाठवून दिले. आरशावरचं कापडही काढलं. मी म्हटलं, “सुटलो बाबा! आता बोलशील?” तर म्हणाला, “कापड आता लागत नाही, काका,” आणि पुन्हा भिंतभर आरशासमोर उभा राहून तोंड मिटून माझे कल्ले बरोबर करू लागला. दीक्षा नाही, मंडळ नाही, मुलगी बोलत नाही, आणि हा शांत. मला तर त्या शांततेचाच संताप यायचा.

मग ती सकाळ आली. रेडिओ वर गेला आणि तोंडावर रुमाल धरून खाली आला. बाकीचं लोकांनी केलं. अफवा शाळेत पोचली ती खुद्द मुख्याध्यापकांच्या तोंडून. शिक्षकांच्या खोलीत त्यांनी मास्तरणीला म्हणे सहानुभूतीने विचारलं, “वडिलांची जीभ... खरं का हो?” ती हातातलं पुस्तक टाकून निघाली.

मी दुकानातच होतो. रेडिओ कललेल्या खुर्चीत पडून होता, रुमाल तोंडाला. ती दारात आली, धापा टाकत, एका चपलेचा पट्टा तुटलेला.

“बाबा.”

रेडिओ ताडकन सरळ बसला.

“बाबा, तोंड उघडा.”

त्याने मान हलवली.

“उघडा म्हणते ना! आ करा!”

त्याने आ केला. तिने त्याची हनुवटी धरली, उजेडाकडे वळवली, जसा तो आयुष्यभर लोकांची वळवत आला तशी, आणि वाकून बराच वेळ आत पाहिलं. मग हनुवटी न सोडताच तिचा बांध फुटला. “गाव काय वाट्टेल ते बोलतंय, आणि तुम्ही इथे पडून! साऱ्या जगाला सांगत सुटायचात ना तुम्ही? मग स्वतःचं दुखणं मला एका शब्दाने सांगायला काय झालं होतं? मी मेले होते का?”

रेडिओने कापसाने भरलेल्या गालाकडे बोट दाखवलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते दुखण्याचं होतं असं आपण समजू.

तेवढ्यात वहिनी धावत आल्या. दोघांना तसं बघून जागीच थबकल्या, आणि सवयीने म्हणाल्या, “काय सांगायचंय त्यांना? मी सांगू का?”

“नको,” मास्तरीण म्हणाली. “माझं मी सांगते. पुष्कळ सांगायचंय.”

पुढे काय बोलली ते मी ऐकलं आहे, पण लिहीत नाही.

रेडिओची जीभ शाबूत होती आणि आहे. त्याची डावीकडची खालची दाढ किडली होती. जवळपास दुसरा दातांचा डॉक्टर नव्हता, म्हणून त्याने ती वरच्या दवाखान्यात काढून घेतली.